स्टुटगार्टला मुलांना घेऊन येताय? मग शाळेचं आधी बोलूया

पुण्याहून इकडे यायचं ठरलं की लोक सगळं विचारतात, घरभाडं किती, थंडीचे जॅकेट तिथून घेऊ का इथून, तूरडाळ मिळते का, कुकर आणायचा का. शाळेचा प्रश्न येतो सगळ्यात शेवटी आणि तोही असा की "तिथे एखादी चांगली इंटरनॅशनल स्कूल असेलच ना गं?" हा मेसेज मला इतक्या मैत्रिणींनी, मावसबहिणींनी आणि ओळखीच्या ओळखीतल्यांनी केलाय की प्रत्येकीला वेगळा व्हॉइस नोट पाठवण्यापेक्षा एकदा बसून सगळं लिहिते. मी चिंचवडची, नवरा गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत, मोठी मुलगी आता पाचवीत आणि धाकटा किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत. आम्ही आलो तेव्हा मोठी पहिलीच्या वयाची होती. त्यामुळे जे सांगतेय ते स्टुटगार्टचं, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचं. जर्मनीत शिक्षण हा राज्याचा विषय आहे, म्युनिकचे नियम वेगळे, बर्लिनचे वेगळे, तिथल्या नातेवाइकांनी सांगितलेलं इथे लागू होईलच असं नाही, हे आधीच सांगून ठेवते कारण अर्धे गोंधळ त्यातूनच होतात.

स्टुटगार्टच का, तर आपली माणसं इथे खूप येतात. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग ही भागीदार राज्यं आहेत, २०२४ मध्ये महाराष्ट्रातून कुशल कामगार इकडे पाठवण्याचा करार झाला, आणि चाकण-पिंपरी पट्ट्यात ज्या गाड्यांच्या कंपन्या आहेत त्यातल्या काहींची मुख्य ऑफिसं इथे. म्हणजे पुढेही लोक येत राहणार, आणि आता फक्त आयटीवाले नाही, नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी कुटुंबंही येतील ज्यांना कंपनी शाळेची फी देणार नाही. हे सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी.

माझं म्हणणं थोडक्यात असं की कुठली शाळा चांगली हा प्रश्न नंतरचा. आधी दोन गोष्टी बघायच्या, मूल किती वर्षांचं आहे आणि तुम्ही किती वर्षं राहणार आहात. पहिलीचं उत्तर पासपोर्टवर लिहिलेलं आहे. दुसरीचं उत्तर सगळे एकच देतात, "दोन-तीन वर्षं, मग परत". मी इथे आल्यापासून "दोन-तीन वर्षं" म्हणत आलेली कितीतरी घरं बघितली आणि त्यातली बरीचशी अजून इथेच आहेत. त्यात त्यांचा दोष नाही, ब्लू कार्डवाल्याला, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा नोकरीचा परवाना असलेल्याला, बी-वन म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळू शकतो, मग घराचा विचार सुरू होतो, मग दुसरं मूल होतं, आणि "पुढच्या वर्षी बघू" करत वर्षं जातात. पण या सगळ्यात मूल शाळेत जातच असतं ना. आई-बापाचा निर्णय लांबणीवर पडला तरी मुलाची इयत्ता थांबत नाही. म्हणून नवरा-बायकोने येण्याआधी खरं खरं बोलून घ्या, आणि नक्की माहीत नसेल तर "राहणार" असं धरून शाळा निवडा. राहणार असं धरून निवडलेली शाळा परत गेलात तरी फारसं नुकसान करत नाही, उलट केलंत तर मात्र भोगावं लागतं, आणि ते मुलाला.

एका ओळखीच्या घरातलं सांगते. डेप्युटेशनवर आले, कंपनीने इंटरनॅशनल स्कूलची फी दिली, मुलगा खूश, इंग्लिशमध्ये सगळं चालू, जर्मन आठवड्यातून थोडे तास, तेही फार कुणी मनावर घेत नव्हतं. डेप्युटेशन संपलं तेव्हा वडिलांनी लोकल कॉन्ट्रॅक्ट घेतलं, पगार बरा, घर आवडलेलं. पण लोकल कॉन्ट्रॅक्टमध्ये शाळेची फी नाही. वर्षाला वीस हजार युरोच्या आसपास फी, ती टॅक्स कापून हातात येणाऱ्या पगारातून कोण भरणार? मग सहावीतला मुलगा, इतकी वर्षं जर्मनीत राहून जर्मन धड येत नाही, तो सरकारी शाळेत भाषा शिकण्याच्या वर्गात लहान मुलांबरोबर बसला. हुशार मुलगा हो, गणितात कुणाला ऐकणारा नाही, पण शब्दांची गणितंच वाचता येत नव्हती. त्याच्या आईचा चेहरा बघवत नव्हता त्या दिवसांत.

इंटरनॅशनल स्कूल वाईट असं मी म्हणत नाहीये. तिचा उपयोग ठराविक लोकांना आहे. कॉन्ट्रॅक्टमध्येच परतीची तारीख लिहिलेली आहे आणि फी कंपनी भरतेय, किंवा दर तीन वर्षांनी देश बदलणारी नोकरी आहे, किंवा मूल तेरा-चौदा वर्षांचं होऊन येतंय आणि आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, परदेशात चालणारी बारावी) करून पुढे तिसऱ्याच देशात जाणार आहे, तर खुशाल घाला, चांगलंच शिकवतात. स्वतःच्या खिशातून भरणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की मान्यताप्राप्त खासगी शाळेच्या फीच्या ३० टक्के रक्कम टॅक्समध्ये दाखवता येते, पण वर्षाला एका मुलामागे जास्तीत जास्त ५००० युरो, आणि जेवणाखाण्याचा खर्च त्यात धरत नाहीत. म्हणजे सूट आहे, पण त्यावर विसंबून शाळा निवडावी इतकी नाही.

आता सरकारी शाळा. आपल्याकडे सरकारी शाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर जे येतं ते बाजूला ठेवा. इथे डॉक्टर, प्रोफेसर, कंपनीचा मॅनेजर आणि बसचा ड्रायव्हर, सगळ्यांची मुलं त्याच गल्लीतल्या ग्रुंडशुलेत, म्हणजे पहिली ते चौथीच्या शाळेत जातात. फी नाही, डोनेशन नाही, मुलाचा इंटरव्ह्यू नाही, आई-बापाचा तर नाहीच, पुस्तकं शाळा वापरायला देते. घराच्या पत्त्यावरून शाळा ठरते, त्यामुळे ज्याला शाळा निवडायची आहे त्याने खरं तर घर निवडताना विचार करायचा. ३० जूनपर्यंत सहा वर्षं पूर्ण झालेलं मूल त्या वर्षी पहिलीत जातं. आपल्याकडची मुलं सहाव्या वर्षी जोडाक्षरं आणि पाढे करत असतात आणि इथे किटातल्या शेवटच्या वर्षातलं मूल चिखलात खेळत असतं, हे बघून पुण्याहून आलेल्या आयांचा जीव खालीवर होतो. होऊ देऊ नका. पहिलीच्या शेवटापर्यंत सगळी वाचायला लागतात.

पहिल्या दिवशी मुलाच्या हातात मोठ्ठा रंगीत कागदाचा कोन असतो, शुलट्यूटे म्हणतात, आत खाऊ, पेन्सिली, छोटी खेळणी. तो घरी बनवायचा असतो, आजी-आजोबा, काका-काकू सगळे नटूनथटून शाळेत येतात, सोहळाच असतो. हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं नाही तर तुमचं मूल एकटं रिकाम्या हाताने उभं राहील, म्हणून सांगते. बाजारात तयारही मिळतो पण घरी केलेला असला की मुलं फार मिरवतात. आमच्या शुलट्यूटेत आईने चिंचवडहून पाठवलेले राजगिऱ्याचे लाडू होते.

पहिलीत मार्क नसतात. नंतर येतात ते १ ते ६, आणि १ म्हणजे सगळ्यात चांगलं. इंग्लिश तिसरीपासून सुरू होतं, त्यामुळे आपल्या मुलांचं इंग्लिश मागे पडेल अशी भीती वाटते ती मी समजू शकते, पण घरात पुस्तकं असली की ते राहतं, आणि पुढे शाळेतही बरंच असतं. चौथीत पोलिस येऊन सायकल चालवायची परीक्षा घेतात. मुलं एकटी चालत शाळेत जावीत अशी शाळेची अपेक्षा असते आणि आपण गेटपर्यंत सोडायला गेलो तर बाई हसून सांगतात की कोपऱ्यापर्यंत पुरे.

अडचण आहे ती वेळेची. शाळा सकाळी आठच्या सुमाराला सुरू होते आणि बारा-एकला सुटते. दोघंही नोकरी करणार असाल तर दुपारचं काय? काही शाळा पूर्ण दिवसाच्या आहेत, काहींना जोडून दुपारचा सांभाळ असतो, पण जागा मर्यादित. २०२६-२७ च्या शालेय वर्षापासून पहिलीतल्या मुलांना पूर्ण दिवसाच्या सांभाळाचा कायदेशीर हक्क मिळतोय आणि एकेक वर्षाने इयत्ता वाढत २०२९-३० पर्यंत चौथीपर्यंत पोचेल. कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्ष जागा यात फरक असू शकतो हे किटाच्या बाबतीत आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. वर्षाच्या पुढच्या मुलाला किटाची जागा मिळण्याचा हक्क २०१३ पासून आहे आणि तरी स्टुटगार्टमध्ये आया महिनोन्‌महिने वेटिंगवर असतात. म्हणून घराचा पत्ता झाला की त्याच आठवड्यात नावनोंदणी करा, जॉइनिंगनंतर बघू म्हणू नका. कित्येक शिकलेल्या, चांगल्या नोकऱ्या सोडून आलेल्या बायका फक्त या दुपारच्या प्रश्नामुळे घरात अडकल्यात, आणि नवऱ्यांना हा "शाळेचा" प्रश्न वाटतच नाही. वाटला पाहिजे.

भाषेचं म्हणाल तर तीन ते सहा वर्षांचं मूल असेल आणि किटामध्ये जागा मिळाली तर अर्धी लढाई तिथेच जिंकली. सुरुवातीला काही महिने मूल तिथे गप्प बसतं, घरी येऊन रडतं, आणि मग एक दिवस अख्खी वाक्यं बोलायला लागतं. सात-आठ वर्षांचं मूल थेट शाळेत आलं तर फोरबेराइटुंग्सक्लासं असतो, सगळे त्याला फाउ-का-एल म्हणतात, तिथे आधी भाषा शिकवतात आणि हळूहळू नेहमीच्या वर्गात बसवतात, गणित, पीटी, चित्रकलेपासून सुरुवात. माझी मोठी यातूनच गेली. दहा-अकरानंतर येणाऱ्या मुलांना मात्र खरंच जड जातं, कारण भाषा शिकायची आणि त्याच वेळी भाषेतून इतिहास-भूगोलही शिकायचा. आठवी-नववीत मूल आणणार असाल तर सहा महिने आधी पुण्यातच त्याचे जर्मनचे क्लास सुरू करा, मॅक्स म्युलर भवन आहे, इतरही क्लास आहेत. बाबांची ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली परीक्षा झाली आणि मुलाची नाही हे उलटं आहे, ऑफिसात इंग्लिशवर भागतं, शाळेच्या ग्राउंडवर भागत नाही.

आणि घरात मराठीच बोला. हे मी हात जोडून सांगते. शाळेतल्या बाई कधीतरी म्हणतात की घरी थोडं जर्मन बोलत जा, हेतू चांगलाच असतो, पण आपलं जर्मन तोडकंमोडकं, ते मुलाने कशाला शिकायचं? त्याला चांगलं जर्मन शिकवायला अख्खी शाळा आहे, शेजार आहे, फुटबॉलचा क्लब आहे. चांगलं मराठी शिकवायला आपल्याशिवाय इथे कोण आहे? ज्या मुलाला एका भाषेत गोष्ट नीट सांगता येते, का, कसं, म्हणून, जरी-तरी वापरून बोलता येतं, त्याला दुसरी भाषा पकडायला सोपं जातं, हे मी माझ्या घरातच पाहिलंय. महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा बऱ्याच शहरांत शनिवार-रविवारी चालतात, शिकवणारे सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून फुकट शिकवतात, त्यांना मुलं पाठवून आणि जमलं तर स्वतः एखादा वर्ग घेऊन हातभार लावा.

होमस्कूलिंगचं बरेच जण विचारतात, विशेषतः "आम्ही सीबीएसईची ऑनलाइन शाळा चालू ठेवली तर?" असं. शाळेऐवजी चालणार नाही. जर्मनीत मुलाने शाळेत जाणं हे कायद्याने बंधनकारक आहे, घरी शिकवणं हा त्याला पर्याय धरत नाहीत, आई-बाप युरोपच्या मानवाधिकार कोर्टापर्यंत गेलेत आणि २००६ मध्ये तिथेही त्यांची तक्रार फेटाळली गेली. दुपारनंतर किंवा शनिवारी ऑनलाइन काय करायचं ते करा. पण सकाळी जर्मन शाळा आणि संध्याकाळी सीबीएसईचं होमवर्क असं करून मुलं दमून जाताना मी बघितलीयेत, आठ वर्षांच्या पोराला दोन देशांचा अभ्यास कशाला? गणित आणि मराठी वाचन एवढं चालू ठेवलंत तरी पुरेसं आहे.

याच कायद्याची दुसरी बाजू म्हणजे सुट्ट्या. तिकीट स्वस्त मिळतं म्हणून सुट्टी लागायच्या चार दिवस आधी मुलाला विमानात बसवणं इथे चालत नाही, दंड होऊ शकतो. इथली उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे गावी पोचतो ते भर पावसात, पण बऱ्याच वर्षी गणपती सापडतात हे भाग्य.

खासगीत आणखी एक पर्याय म्हणजे वाल्डॉर्फ. पुण्यातही आता या पद्धतीबद्दल बोलतात, पण तिचं माहेर स्टुटगार्टच. १९१९ मध्ये एमिल मोल्ट नावाच्या सिगारेट कारखानदाराने आपल्या कामगारांच्या मुलांसाठी रुडॉल्फ श्टाइनर यांच्याकडून पहिली शाळा सुरू करून घेतली, कारखान्याचं नाव वाल्डॉर्फ-अस्टोरिया म्हणून शाळेचंही तेच. ती शाळा उलांड्सहोऽ टेकडीवर अजून चालू आहे. पहिली ते आठवी शक्यतो एकच वर्गशिक्षक, सुरुवातीची वर्षं मार्क नाहीत, हातकाम, विणकाम, गाणी, पहिलीपासून दोन परकीय भाषा. फी असते पण इंटरनॅशनल स्कूलपेक्षा पुष्कळ कमी आणि बऱ्याचदा घराच्या उत्पन्नावर ठरते. मला ही पद्धत मनापासून आवडते, पण तिथे आई-बापांनी सतत शाळेत यायचं असतं, मीटिंगा, साफसफाई, बाजार-जत्रा, सगळं जर्मनमधून. तुम्हाला स्वतःला जर्मन येत नसेल आणि वेळ नसेल तर मुलाआधी तुम्हीच एकटे पडाल.

आता ज्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसले ते. चौथी.

इथे ग्रुंडशुले चौथीला संपते आणि दहा वर्षांच्या मुलाचे रस्ते वेगळे होतात. गिम्नाझियम, जिथून अबिटूर, म्हणजे इथली शाळेची शेवटची परीक्षा करून थेट युनिव्हर्सिटी. रिआलशुले, दहावीपर्यंत. वेर्करिआलशुले, जास्त कामाच्या दिशेने. आणि गेमाइनशाफ्ट्सशुले, जिथे सगळे एकत्र बसतात आणि पातळी विषयाप्रमाणे ठरते. आपल्या लोकांना यातलं एकच नाव माहीत असतं. मंडळाच्या दिवाळीत चौथीतल्या मुलांच्या आया भेटल्या की बोलणं तिथेच जातं, गिम्नाझियम मिळेल का, नाही मिळालं तर काय, क्लास लावलाय का. तिसरीतल्या मुलांना ट्युशन सुरू होतात. मुलांच्या समोर बोलतात हो हे सगळं, आणि मुलं ऐकत असतात.

नियमही बदललेत. २०१२ पासून इथे शेवटचा शब्द पालकांचा होता. २०२४-२५ पासून तसं नाही. चौथीच्या सुरुवातीला, नोव्हेंबरमध्ये, जर्मन आणि गणिताची कोम्पास फिअर नावाची परीक्षा होते, शिक्षकांची शिफारस असते, आणि पालकांची इच्छा. या तिन्हीपैकी दोन जुळायला हवेत. शिक्षकही नाही म्हणाले आणि परीक्षेतही पातळी आली नाही, आणि तरी तुम्हाला गिम्नाझियमच हवं असेल तर मुलाला आणखी एक वेगळी परीक्षा द्यावी लागते. पहिल्याच वर्षी कोम्पासचं गणित इतकं अवघड गेलं की राज्यभर पेपरात गाजलं, गिम्नाझियमच्या पातळीला पोचलेली मुलं फारच थोडी निघाली. माझी मुलगी त्याच पहिल्या बॅचची.

तिला रिआलशुलेची शिफारस आली. बाईंनी आम्हाला बोलावून शांतपणे सांगितलं, गणित छान आहे, मेहनती आहे, पण लांबलचक मजकूर वाचून त्यावर लिहायला तिला अजून वेळ लागतो, भाषा अजून मुरतेय. आम्ही दोघं रात्री बसून बोललो. ती वेगळी परीक्षा द्यायला लावायची का? मी नाही म्हटलं, नवऱ्याला पटायला दोन दिवस लागले. चिंचवडला फोन केला तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे नापास झाली का गं?" त्यांना समजावताना माझाही आवाज भरून आला, कारण माझी पोर तीन-चार वर्षांत नवीन भाषा शिकून, त्या भाषेत कविता पाठ म्हणून, मैत्रिणी जोडून इथपर्यंत आली होती आणि तिच्याबद्दल नापास हा शब्द मला सहन होत नव्हता.

म्हणून सगळ्या आयांना सांगते, हा रस्ता बंद होत नाही. रिआलशुलेची दहावी बऱ्या मार्कांनी झाली की तीन वर्षांचं बेरुफ्लिशेस गिम्नाझियम असतं, त्यात टेक्निकल आहे, कॉमर्सचं आहे, बायोटेक्नॉलॉजीचं, सोशल सायन्सचं, आणि शेवटी मिळतं ते पूर्ण अबिटूर, त्यावर युनिव्हर्सिटीत कुठल्याही विषयाला जाता येतं. या राज्यात अबिटूर करणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं या मार्गाने येतात, म्हणजे हा काही आडरस्ता नाही, हमरस्ताच आहे. शिवाय थेट गिम्नाझियमला गेलेल्यांनाही आता नऊ वर्षं लागणार, कारण २०२५-२६ पासून पाचवी-सहावीच्या मुलांसाठी राज्याने परत नऊ वर्षांचं गिम्नाझियम आणलंय. म्हणजे रिआलशुलेतून गेलेलं मूलही तेरावीलाच अबिटूर करतं आणि थेट गिम्नाझियमला गेलेलंही. मग दहाव्या वर्षी मुलाचा जीव कशाला घ्यायचा?

आणि अबिटूरच पाहिजे असंही नाही. आउसबिल्डुंग म्हणजे कंपनीत शिकाऊ म्हणून पगार घेत शिकणं आणि आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, त्यातून मेकॅट्रॉनिक्स, लॅब टेक्निशियन, बँक, नर्सिंग अशी चांगली करिअर होतात आणि समाजात मान असतो. आपल्याकडे आयटीआय म्हटलं की नाक मुरडतात, ती सवय इथे आणू नका. डुआलं होखशुलं आहेच, अर्धा काळ कंपनीत आणि अर्धा काळ कॉलेजात, १९७४ मध्ये या शहरातल्या मोठ्या कंपन्यांच्या पुढाकारानेच हे मॉडेल सुरू झालं, आज इथला कुणीही बाप आपल्या मुलाला तिथे जागा मिळाली तर पेढे वाटेल.

पैशाचं एक गणित बहुतेकांना माहीतच नसतं. या राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या देशांतून शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो फी आहे. पण ज्याने जर्मनीत अबिटूर केलंय त्याला ती नाही, पासपोर्ट भारताचा असला तरी. जे पैसे लोक मुलाच्या कॉलेजसाठी साठवतात ते इथे अबिटूर केल्याने वाचतात, आणि ते अबिटूर फुकटच्या सरकारी शाळेतून मिळतं.

परत जायचंच असेल तर कधी? मला विचाराल तर सातवीपर्यंत मूल परत गेलं तर ते सावरतं. सीबीएसईत नववीला बोर्डाचं रजिस्ट्रेशन होतं, त्यामुळे नववीच्या मध्ये जाणं सगळ्यात त्रासाचं. आणि ज्यांच्या मनात मेडिकल आहे त्यांनी नीट ऐका, महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या असाव्या लागतात, नुसतं डोमिसाइल पुरत नाही. म्हणजे "दहावी इथे करून मग जाऊ" हे ऐकायला बरं वाटतं पण त्यात एक मोठा दरवाजा बंद होतो. नियमात दरवर्षी बारीक बदल असतात, त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचूनच ठरवा. आणि २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे, म्हणजे पुण्यातल्या कितीही पॉश शाळेत परत गेलात तरी मराठीचं पुस्तक हातात येणारच. मंडळाच्या शाळेत जाणाऱ्या मुलांना तिथे लिहिता-वाचता येत असतं, बाकीच्यांना बाराखडीपासून सुरुवात.

येताना कागदपत्रांचं एवढं करा. मुलाचा जन्मदाखला घ्या, त्याचं जर्मन भाषांतर इथल्या मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून करून घेता येतं. शाळेचे मागचे रिझल्ट आणि लीव्हिंग सर्टिफिकेट. आणि लसीकरणाचं कार्ड मूळ प्रत, फोटो नाही. २०२० पासून इथे किटा आणि शाळेसाठी गोवरच्या लसीचा पुरावा लागतो, एका वर्षाच्या मुलाला एक डोस आणि दोन वर्षांपुढे दोन. आपल्या डॉक्टरांनी नुसतं पेनाने एमआर किंवा एमएमआर लिहून सही केलेली असते, तारीख आणि दवाखान्याचा शिक्का नसतो. निघायच्या आधी जाऊन शिक्का मारून घ्या, आणि कार्ड हँडबॅगेत ठेवा, मागाहून येणाऱ्या सामानात टाकलंत तर ते येईपर्यंत किटाची जागा दुसऱ्याला जाईल.